भट्टीची माती आणि घरची निगा

गोंदिया जिल्ह्यातील व्यापारी घरांच्या स्वयंपाकघरांत गेल्या काही वर्षांत एक नवे भांडे आले आहे. कधी ते लग्नातल्या आहेराबरोबर येते, कधी खुर्जाच्या मालाचा गाडा लागला की तिथून, कधी नागपूरच्या दुकानातून. जाड, वजनदार, वरून चकचकीत किंवा खडबडीत असे हे भांडे भट्टीत पक्के भाजलेल्या मातीचे असते. दुकानदार त्याला ‘स्टोनवेअर’ म्हणतो. आपण दगडी चिनीमाती म्हणू. ओव्हनमध्ये बाटी भाजण्यासाठी, हांडवो लावण्यासाठी, मुलांसाठी अंड्याविना केक करण्यासाठी ते मोठ्या हौसेने घेतले जाते. पहिल्याच खेपेस हांडव्याचा तळ भांड्यालाच राहतो, वरचा भाग तेवढा हातात येतो. दुसऱ्या खेपेस कोणीतरी तारेची घासणी जोर लावून फिरवते. तिसरी खेप सहसा येतच नाही. भांडे माळ्यावर जाते आणि ओट्यावर पुन्हा न चिकटणाऱ्या काळ्या मुलाम्याचा तवा दिसू लागतो.

व्यापारी घरात अशा गोष्टीचा हिशोब निराळ्या पद्धतीने व्हायला हवा. माल खराब निघाला की वापरणाऱ्याला तो कसा वापरावा हे कोणी सांगितलेच नाही, हे आधी ठरवावे लागते. दगडी चिनीमातीच्या बाबतीत बहुतेक वेळा दुसरेच कारण खरे असते. हे भांडे तीस-तीस वर्षे टिकू शकते. मात्र त्याचा स्वभाव स्टीलचा नाही आणि ॲल्युमिनियमचाही नाही. तो स्वभाव समजून घेतला तर अन्न चिकटणे बरेचसे थांबते. घासण्याचा त्रास कमी होतो. जैन घरासाठी याहूनही महत्त्वाचे म्हणजे, पावसाळ्यात त्या भांड्यावर बुरशी धरण्याचा प्रसंगच येत नाही. ही शेवटची बाब केवळ स्वच्छतेची नाही. तिच्याकडे पुढे यायचेच आहे.

मातीची तीन रूपे

भांड्याची माती किती उष्णतेला भाजली आहे यावर तिचा स्वभाव ठरतो. कुंभाराचे मडके, पणती, पाण्याचा माठ ही सामान्य भाजलेली माती. ती साधारण ९०० ते ११०० अंश सेल्सिअसपर्यंत भाजली जाते आणि तिच्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे राहतात. माठातले पाणी गार होते ते याच छिद्रांतून झिरपून बाहेर वाफ होत असल्यामुळे. तीच माती, किंवा तिच्याहून निराळी निवडक माती, १२०० ते १३०० अंशांपर्यंत नेली की तिचे कण काचेसारखे वितळून एकमेकांना घट्ट धरतात आणि छिद्रे बरीचशी बुजतात. ही दगडी चिनीमाती. तिसरे रूप पांढऱ्या, पातळ, उजेडात किंचित पारदर्शक दिसणाऱ्या पोर्सिलेनचे. त्याचा इथे संबंध नाही.

दगडी चिनीमाती आपल्या घरांना मुळीच नवी नाही. आजीच्या कोनाड्यात असलेली, खाली पांढरी आणि वर तपकिरी अशी लोणच्याची बरणी ही दगडी चिनीमातीच. मीठ, तेल, आंबट या तिघांनाही ती दाद देत नाही म्हणून लोणच्यासाठी निवडली गेली. सौराष्ट्रातील थानगढ, वांकानेर, मोरबी हा पट्टा अशा मालासाठी प्रसिद्ध झाला. उत्तर प्रदेशात खुर्जाचे नाव झाले. विदर्भातल्या जैन कुटुंबांना तर यासाठी फार लांब पाहण्याचे कारण नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावतीला स्वप्नदेव केसरिया पार्श्वनाथांच्या दर्शनासाठी जी कुटुंबे जातात, त्यांनी त्याच गावातील ग्रामोदय संघाचे नाव ऐकले असेल. गांधीविचाराचे कार्यकर्ते कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी तिथे मातीकामाला नवे तंत्र आणि प्रतिष्ठा मिळवून देण्यासाठी आयुष्य खर्चले. तीर्थाच्या गावातच मातीच्या पक्क्या भांड्यांचा ध्यास घेतलेले एक काम उभे राहिले, ही गोष्ट यात्रेकरूंनी लक्षात ठेवावी अशी आहे.

मातीवर भाजण्याची रीत त्याहूनही जुनी. नागपूरकडे उलट्या मडक्यावर लांब पोळी भाजली जाते, खानदेशात खापरावर मांडे होतात. त्या मडक्याला किंवा खापराला पोळी का चिकटत नाही, याचे उत्तर त्या बायकांना वाचून कळलेले नाही. खापर आधी नीट तापू द्यायचे, नवे खापर एकदम कामाला लावायचे नाही, तापलेल्या खापरावर गार पाणी मारायचे नाही, ही त्यांची शिस्त आहे. ओव्हनच्या दगडी भांड्यालाही थोड्याफार फरकाने हीच शिस्त लागू होते.

अन्न चिकटते का?

भांडे विकत घेतल्यावर पहिला प्रश्न असा विचारावा की त्याच्या आतल्या बाजूला झिलई, म्हणजे काचेचा लेप, आहे की नाही. आतून गुळगुळीत आणि चकचकीत असेल तर झिलई आहे. शंका असल्यास कोरड्या भांड्यात पाण्याचा एक थेंब टाकावा. थेंब मोत्यासारखा तसाच बसून राहिला तर झिलई आहे. हळूहळू पसरून ओला डाग पडला तर आतली माती उघडी आहे. पुढची सारी निगा या एका थेंबावर अवलंबून आहे.

उघड्या मातीला अन्न चिकटण्याचे कारण तिच्या खडबडीत पृष्ठभागात आहे. ओले पीठ बारीक खाचांत उतरते, भाजताना तिथेच घट्ट होते आणि खुंटीसारखे अडकून बसते. झिलई असलेल्या भांड्यात खाचा नसतात. तिथे दोष साखरेचा आणि दुधातल्या घन अंशाचा असतो. साखर साधारण १६० ते १७० अंशांच्या आसपास वितळून तांबूस होते आणि गार झाल्यावर काचेसारखी कडक बनते. केकच्या कडेला जी काळपट रेघ राहते ती हीच. अंडे वर्ज्य असलेल्या घरांत केकसाठी आटवलेले गोड दूध सढळ वापरले जाते. त्यात साखर आणि दुधाचा अंश दोन्ही भरपूर असतात, त्यामुळे असा केक जास्त चिकटतो. यात पाककृतीचा दोष नाही. भांड्याची तयारी तेवढी अधिक करावी लागते.

हांडव्याची गोष्ट थोडी निराळी आहे. कच्चे दही आणि डाळींचे पीठ एकत्र येऊन द्विदल होऊ नये म्हणून अनेक घरांत दही आधी गरम करून घेतात. पीठ रात्रभर आंबवण्याऐवजी ऐन वेळी सोडा घालून ते लगेच भाजायला ठेवतात. सोडा जरा जास्त पडला की पीठ अल्कधर्मी होते आणि अशा पिठाचा तळ लवकर तांबूस होतो, लवकर करपतो आणि तितक्याच लवकर धरतो. म्हणून हांडवो सारखा चिकटत असेल तर भांड्याला बोल लावण्याआधी सोड्याचा चमचा तपासावा.

तिसरे कारण उष्णतेच्या चालीत आहे. ॲल्युमिनियममधून उष्णता धावते, दगडी चिनीमातीतून ती चालते. भांडे हळू तापते आणि हळू निवते. ओव्हन पुरेसा तापण्याआधीच पीठ भांड्यात बराच वेळ पडून राहिले तर ते खाचांत मुरते. उलट, बाहेर काढल्यावर भांडे आतून बराच वेळ शिजवतच राहते. घाईने उलटे केले तर तळ मागे राहतो.

पहिल्या दिवशीची तयारी

नवे भांडे कोमट पाण्याने धुऊन, पुसून, एक पूर्ण दिवस हवेशीर जागी वाळू द्यावे. झिलई असलेल्या भांड्याला एवढे पुरते. उघड्या मातीच्या भांड्याला मात्र तेलाचा हात द्यावा लागतो, आणि इथे गोंदिया-भंडाऱ्याची शेती मदतीला येते.

या भागात धान उभे असतानाच बांधीतल्या ओलीवर लाखोळी आणि जवस शिंपडून घेण्याची जुनी पद्धत आहे; तिला उतेरा म्हणतात. त्या जवसाच्या तेलाचा एक विशेष गुण आहे. ते हवेत आणि उष्णतेत नुसते सुकत नाही, तर त्याचे कण एकमेकांना जोडले जाऊन कडक, पातळ पापुद्रा तयार होतो. जुन्या काळी रंगात जवसाचे तेल घालत ते याच गुणासाठी. भांड्याच्या खाचांत असा पापुद्रा बसला की पिठाला अडकायला जागा उरत नाही. तूप आणि खोबरेल यांच्यात हा गुण नाही. ती खाचांत तशीच मुरून राहतात आणि काही आठवड्यांनी खवट वास मारू लागतात. म्हणून पहिल्या तयारीसाठी जवस सर्वांत चांगले. ते नसेल तर सूर्यफुलाचे किंवा करडईचे तेल चालते.

कृती साधी आहे. खाण्याच्या जवस तेलाचे काही थेंब सुती फडक्यावर घेऊन भांड्याच्या आतल्या बाजूला चोळावेत आणि मग दुसऱ्या कोरड्या फडक्याने जणू सगळे पुसूनच टाकायचे आहे अशा रीतीने पुसावे. जाड थर दिला तर भांडे चिकट होते आणि सारे श्रम वाया जातात. भांडे गार ओव्हनमध्ये ठेवून मगच ओव्हन सुरू करावा, १८० ते २०० अंशांवर एक तास ठेवावा आणि भांडे आतच निवू द्यावे. दोन-तीन वेळा असे केले की पृष्ठभाग किंचित काळसर, गुळगुळीत होतो. एक अपवाद आहे. भांड्यासोबत आलेल्या कागदावर रिकामे भांडे तापवू नये असे लिहिले असेल तर ते प्रमाण मानावे. तशा भांड्यात पहिल्या चार-पाच खेपा नानकटाई, खारी अशा भरपूर तुपाच्या पदार्थांच्या कराव्यात. तयारी आपोआप होते.

दोन सावधगिरीच्या गोष्टी मात्र घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असाव्यात. रंगाच्या दुकानात मिळणारे ‘उकळलेले’ जवस तेल भांड्याला कधीही लावू नये. ते लवकर सुकावे म्हणून त्यात धातूंची रसायने मिसळलेली असतात. आणि जवसाच्या तेलात भिजलेले फडके चुरगळून कोपऱ्यात टाकू नये. तेल हवेशी संयोग पावताना उष्णता सोडते. बोळ्याच्या आत ती कोंडली तर ते फडके ठिणगीशिवाय आपोआप पेट घेऊ शकते. ज्या घरामागे किंवा ज्या दुकानाच्या माडीवर बारदानाचे गठ्ठे असतात त्या घरासाठी ही गोष्ट क्षुल्लक नाही. फडके लगेच पाण्यात बुडवावे किंवा मोकळ्या हवेत सपाट पसरून वाळवावे.

रोजच्या वापराची रीत

भाजण्याआधी भांड्याला तूप लावावे. लोणी लावू नये. लोण्यात सुमारे १६ टक्क्यांपर्यंत पाणी असते आणि दुधाचा घन अंशही असतो. तो करपतो आणि तोच चिकटतो. तुपात हे दोन्ही जवळजवळ नसतात. तुपावर बारीक रवा भुरभुरावा आणि भांडे उलटे करून जास्तीचा रवा झटकून टाकावा. रव्याचे कण पीठ आणि भांडे यांच्यामध्ये बारीक गोट्यांसारखे काम करतात. केकसाठी रव्याऐवजी मैदा चालतो. अतिशय गोड पदार्थासाठी तळाशी ओव्हनचा कागद कापून घालावा.

बाटीसाठी रीत वेगळी. बाटीचे पीठ घट्ट असते आणि त्यात मोहन असते, म्हणून ती सहसा चिकटत नाही. भांडे ओव्हनबरोबरच हळूहळू तापवून घेतले आणि मग बाट्या ठेवल्या तर त्यांचा तळ लगेच बांधला जातो आणि त्या सहज सुटतात. मात्र शीतकपाटातले गार भांडे तापलेल्या ओव्हनमध्ये, किंवा तापलेले भांडे ओल्या ओट्यावर, कधीही ठेवू नये. दगडी चिनीमाती उष्णता हळू वाहते. एक भाग फुगतो आणि शेजारचा तसाच राहतो. त्या ओढाताणीत तडा जातो. ती गॅसच्या ज्योतीवर ठेवू नये तेही याच कारणासाठी. ओव्हनमधून काढलेले भांडे लाकडी पाटावर किंवा घडी घातलेल्या कोरड्या कापडावर ठेवावे.

ओव्हन लावण्याआधी आत पाहून घ्यावे. गोडाच्या कणांच्या वासाने मुंग्या आत शिरलेल्या असतात. एक क्षण दिवा लावून पाहिले, मऊ पुंजणीने किंवा पिसाने हळू बाजूला केले, तर यतना राखली जाते. बटण फिरवण्याआधी पाहण्याची ही सवय मुलांनाही लावावी.

पदार्थ बाहेर काढल्यावर दहा मिनिटे थांबावे. तेवढ्या वेळात आतली वाफ पदार्थ आणि भांडे यांच्यामध्ये येते आणि तळ सैल होतो. त्याहून फार थांबू नये. साखर कडक झाली की ती धरून बसते. कडेने लाकडी किंवा सिलिकॉनचे पातळ उलथणे फिरवावे. सुरीचे टोक कधीही लावू नये.

घासताना काय पाहावे

चिकटलेल्या प्रत्येक गोष्टीवर एकच उपाय चालत नाही. पिठाला आणि साखरेला पाणी आणि वेळ हवा. भांडे कोमट झाल्यावर त्यात कोमटच पाणी घालून अर्धा तास ठेवावे. बहुतेक सारे आपोआप सुटते. तेलाच्या थराला सौम्य क्षार लागतो. खायच्या सोड्यात थोडे पाणी घालून केलेली लापशी पंधरा मिनिटे लावून ठेवावी आणि वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीने किंवा नारळाच्या काथ्याने गोल चोळावे. सोडा आणि लिंबू एकदम घालून फेस काढण्याची पद्धत दिसायला छान असते. पण दोघे एकमेकांना निष्प्रभ करतात आणि हाती खारट पाणी राहते. वापरायचेच असेल तर आधी सोडा, मग धुऊन लिंबू.

गोंदियाच्या घराघरांत भांडी घासायला राख वापरण्याची सवय होती, आणि राखेची इथे कधी टंचाईही नव्हती. एक क्विंटल धान गिरणीत गेले की सुमारे वीस किलो तूस निघते आणि तेवढे तूस जळले की चारेक किलो राख उरते. या राखेत ८५ ते ९५ टक्क्यांपर्यंत सिलिका, म्हणजे वाळूचाच मूळ पदार्थ, असते. म्हणूनच तिने लोखंडी कढई आणि पितळी घागर लखलखते. मात्र हाच गुण झिलईच्या भांड्याला घातक ठरतो. काचेचा लेप आणि राखेतली सिलिका कठीणपणाने जवळजवळ सारख्याच आहेत. रोज राखेने घासलेली झिलई हळूहळू निस्तेज होते, तिच्यावर केसासारख्या रेघा उठतात आणि पुढे अन्न त्या रेघांत धरू लागते. गिरणीच्या भट्टीतली, फार उष्णतेला जळलेली राख कोरडी उडवून श्वासात घेणेही फुप्फुसांसाठी चांगले नाही. तेव्हा राख लोखंडापुरती आणि तीही ओली करून. दगडी भांड्याला सोडा.

तारेच्या घासणीचेही तसेच. ती फिरवल्यावर पांढऱ्या झिलईवर ज्या करड्या रेघा दिसतात त्या बऱ्याचदा ओरखडे नसून भांड्यावर उतरलेला लोखंडाचा अंश असतो. सोड्याची लापशी चोळून त्यातल्या पुष्कळ निघतात. पण रोज तसे केले तर खरे ओरखडेही पडतात.

उघड्या मातीच्या भांड्याला साबण लावू नये. साबणाचा अंश आणि सुगंध छिद्रांत शिरतो आणि पुढच्या बाटीला त्याचा वास येतो. गरम पाणी आणि काथ्या एवढे पुरे. असे भांडे रात्रभर पाण्यात बुडवून ठेवू नये. त्याचा रंग काळसर होत जाईल. तो मळ नाही. तो तेलाचा पक्का झालेला थर आहे आणि तोच भांड्याची कमाई आहे. तो खरवडून काढणाऱ्या हाताला कौतुक मिळते, पण भांडे पुन्हा पहिल्या दिवसावर येते.

घासण्याचा हा हात बहुतेक घरांत घरचा नसतो, हेही इथे नोंदवावे लागते. सूर्यास्ताआधी जेवण आटोपते, भांडी मोरीत जमा होतात आणि संध्याकाळी येणाऱ्या बाईपुढे वाळून कडक झालेले दगडी भांडे येते. तिच्या हातात तारेची घासणी असते आणि पुढे चार घरे असतात. ती जोर लावते, झिलई जाते. मग बोलणेही तिलाच खावे लागते. भांडे ओट्यावरून खाली ठेवण्याआधी घरातल्या कोणीतरी त्यात कोमट पाणी ओतले असते तर हा प्रसंग आला नसता. भिजवायचे काम घरचे, घासायचे काम बाईचे, असा वाटा ठरवला तर भांडेही वाचते आणि माणसाचे मनही. भिजवलेले पाणी निवल्यावरच मोरीत सोडावे. उकळते पाणी नाल्यात ओतून तिथल्या जीवांची विराधना करण्याचे कारण नाही.

चातुर्मासातील खरी कसोटी

गोंदिया जिल्ह्यात वर्षाकाठी १२०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याचा बहुतांश भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. तलावांचा हा जिल्हा. हवेत ओल कायम. उन्हाळ्यात धुऊन ठेवलेले भांडे तासाभरात कोरडे होते. तेच श्रावणात दोन दिवस आतून ओले राहते, वरून मात्र कोरडे वाटते. उघड्या मातीच्या छिद्रांत ओल आहे, तेलाचा आणि पिठाचा अंश आहे, वर झाकण घालून भांडे कपाटात बंद आहे. बुरशीला याहून अधिक काय हवे?

जैन दृष्टीने बुरशी हा पुसून टाकायचा डाग नव्हे. ती अनंतकाय मानली गेली आहे. शेवाळ आणि बुरशी यांच्या एका लहानशा ठिपक्यात अनंत जीवांची वस्ती सांगितली आहे. म्हणूनच बुरशी धरल्यावर ती कशी काढावी हा प्रश्न श्रावकाला अडचणीत टाकतो. उन्हात ठेवा, गरम पाणी ओता, घासा, प्रत्येक उपाय हिंसेचाच आहे. इथे खरा उपाय एकच, आणि तो आधीचा आहे: ती होऊच न देणे. भांडे कोरडे ठेवण्याच्या साध्या कामाला त्यामुळे वेगळे वजन येते.

त्यासाठी पावसाळ्यात चार गोष्टी कराव्यात. भांडे धुतल्यावर लगेच सुती कापडाने पुसावे आणि भाजणे संपलेल्या, अजून कोमट असलेल्या ओव्हनमध्ये दार किंचित उघडे ठेवून ते ठेवावे. त्यासाठी वेगळी वीज लागत नाही. ते शक्य नसेल तर १०० अंशांच्या आसपास अर्धा तास तापवावे. ठेवताना भांड्यात भांडे घालू नये, झाकण घट्ट लावू नये; मध्ये सुती कापडाची घडी ठेवावी. आठ दिवस वापर नसला तरी एकदा बाहेर काढून पाहावे. साधू-साध्वी आपल्या उपकरणांचे नित्य प्रतिलेखन करतात. गृहस्थाने निदान आपल्या ओट्याचे आठवड्यातून एकदा करायला हरकत नाही. ज्यांच्या घरात ओल फारच धरते त्यांनी उघड्या मातीचे भांडे चातुर्मासात वापरूच नये. चांगले वाळवून, कोरड्या कापडात गुंडाळून ते आधीच ठेवून द्यावे आणि चार महिने झिलईचे भांडे वापरावे. हा सर्वांत सोपा मार्ग आहे.

इतके करूनही बुरशी दिसलीच तर त्या भांड्यात अन्न शिजवू नये. आरोग्यासाठीही ते योग्य नाही. भांडे न घासता, कोणाचा हात लागणार नाही अशा जागी बाजूला ठेवावे. पुढे काय करावे याच्या मर्यादा परंपरेनुसार वेगळ्या आहेत. घरातील वडीलधाऱ्यांना किंवा गुरुमहाराजांना विचारून तसे वागावे.

भांडे केव्हा काढून टाकावे

दगडी भांडे बोटाच्या पेराने हलके वाजवून पाहावे. स्वच्छ, खणखणीत आवाज आला तर ते धड आहे. बसका आवाज आला तर कुठेतरी न दिसणारा तडा आहे. ते पुन्हा ओव्हनमध्ये गेले तर गरम अन्नासह दुभंगण्याचा धोका असतो. आतल्या झिलईचा टवका उडाला असेल तर काचेचा कण पोटात जाऊ शकतो. फार जुने, कमी उष्णतेला भाजलेले, भडक रंगाच्या झिलईचे आणि कुठून आले ते ठाऊक नसलेले भांडे आंबट पदार्थासाठी वापरू नये. अशा काही झिलयांत शिसे असते आणि आंबटपणाने ते अन्नात उतरते. नामांकित भट्टीतल्या, उच्च उष्णतेच्या मालात ही भीती सहसा नसते. तरी विकत घेताना ‘अन्नासाठी सुरक्षित’ आणि ‘ओव्हनसाठी योग्य’ असे लिहिलेले आहे का, हे पाहून घ्यावे.

न चिकटणाऱ्या काळ्या मुलाम्याच्या भांड्यांशी तुलना करायची तर तीही न्यायाने करावी. ती हलकी असतात, लवकर तापतात, आणि मंद आचेवर त्यांचा उपयोग आहे. मात्र रिकामे तापवून ती २६० अंशांच्या वर गेली की मुलामा विघटित होऊ लागतो, आणि मुलाम्याला ओरखडे पडले की भांडे संपले. दगडी भांडे मागते ते वेळेचे थोडे भान. त्या बदल्यात ते मुलगी सासरी जाताना बरोबर देता येते.

ज्या भांड्याला तडा गेला आहे पण जे फुटलेले नाही, त्याला उन्हाळ्यात गच्चीवर सावलीच्या कोपऱ्यात ठेवावे. पाणी गाळून भरावे, रोज बदलावे, आणि आत एक खडबडीत दगड ठेवावा, म्हणजे मुंगीला किंवा मधमाशीला पाण्यात न बुडता काठावर चढता येते.